मिसुरीची राख, लॉरेन्सची राख

कॅन्सस सिटीतून स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता जातो. त्याच्या एका अंगाला कॅन्सस राज्य, दुसऱ्या अंगाला मिसुरी. माझं घर कॅन्ससमध्ये आणि नोकरी मिसुरीत, त्यामुळे ही सीमा मी रोज ओलांडते. दोन्हीकडे सारखीच घरं, तशीच झाडं, तीच दुकानं. याच सीमेवर १८५४ ते १८६५ या काळात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं जाळली, बायकामुलांसमोर माणसं मारली आणि एका लष्करी हुकुमाने अख्खे तालुके ओसाड केले. क्लिंट ईस्टवुडचा ‘द आउटलॉ जोसी वेल्स’ हा १९७६ चा सिनेमा याच मुलखात सुरू होतो. जगभरच्या पुष्कळ लोकांना इथला रक्तपात ठाऊक आहे तो या सिनेमामुळेच. म्हणून तो काय सांगतो आणि काय गाळतो, हे इथे राहणाऱ्या माणसाने मांडलं पाहिजे असं मला वाटतं.

सिनेमाची सुरुवात विसरता येत नाही. जोसी वेल्स हा मिसुरीतला साधा शेतकरी नांगर धरून शेतात उभा आहे, सोबत लहानगा मुलगा आहे. झाडांपलीकडे धूर दिसतो. तो धावत पोचतो तेव्हा घर पेटलेलं असतं. हे काम कॅन्ससच्या ‘रेडलेग्ज’ टोळीचं. त्यांचा म्होरक्या टेरिल तलवारीने जोसीचा चेहरा फाडतो. शुद्धीवर आल्यावर जोसी बायकोला आणि मुलाला पुरतो, थडग्यावर लाकडी क्रूस रोवतो आणि त्यालाच धरून कोसळतो. मग जळक्या घराच्या राखेतून पिस्तूल उकरून काढतो आणि नेम धरायला शिकतो. दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या बंडखोर ‘ब्लडी बिल’ अँडरसनच्या टोळीत तो सामील होतो ते तिथून. यादवी युद्ध संपल्यावर साथीदार शरण जातात आणि दगाफटक्याने मारले जातात. जोसी शरण जात नाही. तो टेक्सासच्या दिशेने पळतो, त्याच्यामागे टेरिल आणि जोसीचाच जुना सरदार फ्लेचर.

जुन्या वेस्टर्नपटांत निळ्या गणवेशातला सैनिक हा तारणहार असे. शिंग फुंकत तो वेळेवर पोचायचा. १९७० च्या दशकात व्हिएतनाम आणि वॉटरगेट पाहिलेल्या अमेरिकेचा त्या सैनिकावरचा विश्वास उडाला होता. या सिनेमात निळा गणवेश घर जाळतो, शरण आलेल्यांना गोळ्या घालतो, आणि शहाणपणाचं बोलणारी माणसं आहेत ती चेरोकी आणि कमांची. त्या दृष्टीने हा सिनेमा मोठाच. १९९६ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, तो मान त्याला योग्यच मिळाला.

जोसीच्या घराची आगही खोटी नाही. २३ सप्टेंबर १८६१ रोजी कॅन्ससचा सिनेटर जिम लेन आपली ब्रिगेड घेऊन मिसुरीतल्या ओसिओला गावात घुसला. दुकानं आणि गोदामं लुटली, उभ्या उभ्या खटला चालवून नऊ माणसांना गोळ्या घातल्या आणि गाव पेटवून दिलं. हाच लेन सिनेमातही दिसतो. चार्ल्स जेनिसनच्या ‘जेहॉकर’ घोडदळाने त्या हिवाळ्यात सीमेवरच्या शेतवाड्या जाळल्या. इथली घरं लाकडी, धुराडी तेवढी दगडाविटांची. घर जळून जाई आणि धुराडं एकटं उभं राही. १८६२ पासून लाल चामड्याचे पायपट्टे बांधणारे रेडलेग्ज त्यात आले. मिसुरी हे राज्य संघराज्यातून फुटलेलं नव्हतं, त्यामुळे ज्यांची घरं जळाली त्यांतले कित्येक सरकारशी एकनिष्ठ होते. कोल यंगर हा पुढे नामचीन दरोडेखोर झाला. त्याचे वडील संघराज्याच्याच बाजूचे होते. १८६२ च्या जुलैमध्ये ते मारले गेले, आणि मुलगा लढला तो बंडखोरांच्या टोळीतून. जोसी वेल्ससारखी माणसं खरोखरच होती.

सिनेमाने त्यांचं दुःख दाखवलं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कथा कुठून सुरू केली याबद्दल. सूडाच्या प्रत्येक कथेत सांगणारा एक पहिला दिवस निवडतो. त्या दिवशी आपण निरपराध असतो आणि आग समोरच्याने लावलेली असते. इतिहासाचं काम त्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी काय झालं हे विचारण्याचं.

तर १८५४ पासून सुरुवात करू. सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या पुढाकाराने त्या वर्षी कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी हे तिथे वस्ती करणाऱ्यांनी मतदानाने ठरवावं, असं त्यात म्हटलं होतं. मिसुरी हे गुलामगिरीचं राज्य, १८६० च्या जनगणनेत तिथे १ लाख १४ हजारांहून अधिक माणसं दुसऱ्यांच्या मालकीची होती. शेजारचा मुलूख मुक्त झाला तर आपले गुलाम पळून जातील ही मिसुरीच्या मालकांची धास्ती. उलट मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी वर्गणी काढून कॅन्ससला कुटुंबं पाठवली आणि त्याच वर्षी लॉरेन्स गाव वसवलं. आजही त्या गावाच्या मुख्य रस्त्याचं नाव मॅसॅच्युसेट्स स्ट्रीट आहे. ३० मार्च १८५५ च्या निवडणुकीत कॅन्ससचे नोंदलेले मतदार होते २,९०५ आणि मतं पडली सहा हजारांच्या वर. मिसुरीतून हत्यारबंद जथ्थे आले, मतं टाकली आणि घरी गेले.

पुढे फटक्याला फटका सुरू झाला. २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीच्या बाजूच्या जमावाने लॉरेन्सवर चाल केली, छापखाने मोडले, फ्री स्टेट हॉटेल जाळलं. तीनच रात्रींनी जॉन ब्राउनने पॉटावॉटमी ओढ्याकाठच्या घरांतून पाच माणसांना बाहेर ओढून तलवारींनी मारलं. ज्यांना मारलं त्यांच्यापैकी एकाकडेही गुलाम नव्हता. १९ मे १८५८ रोजी मिसुरीच्या टोळीने कॅन्ससमधल्या अकरा जणांना पकडून एका घळीत उभं केलं आणि गोळ्या झाडल्या. त्यांतले पाच मेले. म्हणजे ओसिओला जळण्यापूर्वी सीमेवर सात वर्षं रक्त सांडत होतं, आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता: माणूस माणसाची मालमत्ता असू शकतो का? सिनेमात हा प्रश्नच नाही. जोसीच्या मिसुरीत नांगर आहे, घर आहे, धूर आहे, पण ते १ लाख १४ हजार लोक कुठेच नाहीत.

सगळ्यात भयंकर दोन आठवडे आले १८६३ च्या ऑगस्टमध्ये. बंडखोर टोळ्यांना त्यांच्याच आयाबहिणी अन्न, बातम्या आणि काडतुसं पुरवत, म्हणून संघराज्याच्या जनरल थॉमस युइंगने त्या बायकांना धरून कॅन्सस सिटीतल्या एका इमारतीत कोंडलं. १३ ऑगस्टला ती इमारत कोसळली. चार जणी जागीच गेल्या, त्यांत बिल अँडरसनची बहीण जोसेफीन होती. त्याची दुसरी बहीण मेरी जबर जखमी झाली. इमारत मुद्दाम पाडली असं मिसुरीत बरेच जण धरून चालले.

आठ दिवसांनी, २१ ऑगस्टच्या पहाटे, बंडखोर टोळीचा म्होरक्या विल्यम क्वांट्रिल चारशेच्या वर स्वार घेऊन लॉरेन्सला पोचला. हा माणूस ओहायोचा. तीनच वर्षांपूर्वी तो चार्ली हार्ट या नावाने याच गावात राहिला होता, त्यामुळे गल्ल्या त्याच्या पायाखालच्या होत्या. वाटेत शेतकऱ्यांना वाटाडे म्हणून धरलं आणि काम झाल्यावर मारलं. गावात शिरताच सैन्यात नुकतीच भरती झालेली, हाती बंदूकही न आलेली पोरं तंबूत कापली. मग घरोघर फिरून पुरुष आणि मोठी मुलं बाहेर काढली. बायकांना हात लावायचा नाही असा हुकूम होता, पण बायकोच्या देखत नवऱ्याला मारायला मनाई नव्हती. न्यायाधीश लुई कार्पेंटर जखमी होऊन अंगणात पडले तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांच्यावर स्वतःचं अंग टाकलं. मारेकऱ्याने तिचा हात उचलला, पिस्तुलाची नळी खाली घातली आणि चाप ओढला. महापौर कोलमोर विहिरीत लपले आणि तिथेच गुदमरले. ज्याच्यावर हा सगळा सूड होता तो जिम लेन रात्रीच्या सदऱ्यातच मक्याच्या शेतात पळाला आणि वाचला. साधारण चार तासांत दीडशेहून अधिक माणसं मारून टोळी परतली. ओसिओलात लेनसोबत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे मेलेल्यांतल्या कुणालाही विचारलं गेलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर ओलंच जळालं आणि सुकं निसटलं.

चार दिवसांनी, २५ ऑगस्टला, युइंगने हुकूम क्रमांक ११ काढला. मिसुरीच्या जॅक्सन, कॅस, बेट्स आणि व्हर्नन काउंटीच्या उत्तर भागातल्या लोकांनी पंधरा दिवसांत घरदार सोडून निघायचं. निष्ठा सिद्ध करणाऱ्यांनाही आपल्या शेतावर राहता येणार नव्हतं, लष्करी ठाण्याजवळ किंवा कॅन्ससच्या आतल्या भागात जायचं. धान्य आणि गवत ठाण्यावर जमा करायचं, उरेल ते जाळलं जाईल. अंदाजे वीस हजार माणसं देशोधडीला लागली. बरेच कर्ते पुरुष युद्धात किंवा रानात होते, म्हणून रस्त्याने चालली ती बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. कॅस काउंटीत युद्धापूर्वी दहा हजारांच्या आसपास वस्ती होती, ती सहाशेच्या आसपास उरली. मागे राहिली धुराडी, आणि त्या पट्ट्याला ‘जळका मुलूख’ हेच नाव पडलं. चित्रकार जॉर्ज केलब बिंगहॅम संघराज्याचा कट्टर समर्थक होता. ज्या इमारतीत त्या बायका मेल्या ती त्याच्याच सासरच्या मालकीची. या हुकुमाने तो इतका संतापला की युइंगला तोंडावर सांगून त्याने चित्र काढलं आणि त्याच्या छापील प्रती गावोगाव गेल्या.

माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी बेट्स काउंटीतले. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हुकूम क्रमांक ११ ची गोष्ट सांगितली जाते: कुठली गाडी भरली, कुठली गाय वाटेत मेली, परत आल्यावर कुणाच्या धुराड्याला टेकून पहिलं खोपट बांधलं. लॉरेन्सचं नाव त्या गोष्टीत येत नाही. माझी मुलगी सीमेच्या अलीकडच्या शाळेत शिकली. तिला लॉरेन्स शिकवलं, जॉन ब्राउन शिकवला, ओसिओला शिकवलं नाही. दोन्हीकडची माणसं सज्जन आहेत आणि दोघेही खरंच बोलतात. प्रत्येकाने आपला पहिला दिवस मात्र वेगळा धरलेला आहे.

त्याच बेट्स काउंटीत आयलंड माउंड नावाची जागा आहे. २९ ऑक्टोबर १८६२ रोजी तिथे कॅन्ससची पहिली कृष्णवर्णीय पलटण बंडखोर स्वारांशी लढली आणि मागे हटली नाही. यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांची ही पहिलीच लढाई मानतात. त्यांतले बरेच जण मिसुरीतल्या मालकांकडून पळून आलेले होते. सूड घ्यायला सगळ्यात मोठं कारण त्यांच्याजवळ होतं आणि ते गणवेश घालून समोरासमोर लढले. या मुलखावर सिनेमा काढणाऱ्याला नायक हवाच असेल तर तो तिथे होता.

उलट सिनेमात ज्याच्या टोळीत जोसी जातो तो बिल अँडरसन पडद्यावर रांगडा आणि बरा वाटतो. खरा अँडरसन २७ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट्रेलिया स्टेशनात उभा होता. त्याने आगगाडी अडवली, रजेवर घरी निघालेल्या वीसहून अधिक निःशस्त्र सैनिकांना उतरवलं, गणवेश काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. दुपारी त्याच्या पाठलागावर आलेल्या मेजर जॉन्स्टनच्या तुकडीचाही फडशा पडला, शंभरावर माणसं गेली. त्याचं कारण हत्यारांत आहे. सैनिकांकडे तोंडाने भरायच्या बंदुका होत्या. एक बार काढला की दारू ओत, गोळी ठास, टोपी बसव, या सगळ्याला वीसेक सेकंद लागत. टोळीवाल्याच्या कमरेला आणि खोगिराला मिळून चारचार सहाबारी कोल्ट पिस्तुलं असत. घोडा भरधाव सोडला की पहिल्या बारानंतर समोरच्याला दुसरी संधी मिळत नसे. जोसी पडद्यावर दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन उभा राहतो तेव्हा टाळ्या पडतात. सेंट्रेलियाच्या माळावर त्या कसबाचा अर्थ काय होता हे मात्र सांगितलं पाहिजे.

महिनाभरात अँडरसन मारला गेला. क्वांट्रिल १८६५ च्या जूनमध्ये जखमांनी मेला. लेनने १८६६ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. पण हिशेब मिटला नाही. अँडरसनच्या टोळीत कोवळ्या वयात तयार झालेला जेसी जेम्स ७ डिसेंबर १८६९ रोजी गॅलटिन गावच्या बँकेत शिरला. समोरचा माणूस अँडरसनला मारणारा सॅम्युएल कॉक्स आहे असं समजून त्याने गोळी घातली. तो होता जॉन शीट्स नावाचा रोखपाल. सूडाने आंधळी झालेली माणसं शेवटी कुणालाही मारतात, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. पण कॅन्सस सिटीतला एक संपादक, बंडखोर सैन्यातला माजी अधिकारी जॉन न्यूमन एडवर्ड्स, याने या दरोडेखोरांना गांजलेल्या मिसुरीचे शूर सुपुत्र म्हणून रंगवलं. जोसी वेल्सचा जन्म खरा तिथेच झाला.

शंभर वर्षांनी ती दंतकथा ज्याने उचलली तो मिसुरीचा नव्हताच. सिनेमा ज्या कादंबरीवर आहे तिच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव फॉरेस्ट कार्टर असं होतं. त्याचं खरं नाव एसा अर्ल कार्टर, अलाबामाचा, कू क्लक्स क्लॅनचा माणूस. १९५६ मध्ये बर्मिंगहॅमला गायक नॅट किंग कोल यांच्यावर भर कार्यक्रमात ज्यांनी हल्ला केला ती माणसं याच्याच संघटनेची होती. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचं १९६३ चं वर्णभेदाच्या बाजूने गाजलेलं भाषण लिहिणाऱ्यांत हा होता. पुढे वॉलेसही पुरेसे कडवे नाहीत म्हणून तो १९७० मध्ये त्यांच्याविरुद्ध उभा राहिला, हरला, अलाबामा सोडून गेला आणि नवं नाव घेतलं. ते नाव क्लॅनचा पहिला म्होरक्या, जनरल नेथन बेडफर्ड फॉरेस्ट, याच्यावरून. सिनेमा आला त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याचा भूतकाळ छापून आला. जोसीच्या मिसुरीतून गुलाम का गायब आहेत, सरकार हाच एकमेव शत्रू का आहे, याचं उत्तर या चरित्रात आहे. दुसऱ्याचं खरं दुःख उसनं घेऊन त्याने आपला द्वेष देखणा केला.

ईस्टवुडच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्याने सिनेमा सूडावर थांबवला नाही. पळता पळता जोसीभोवती घर जमत जातं: चेरोकी म्हातारा लोन वॉटी, एक नवाहो तरुणी, आणि कॅन्ससची सारा आजी. या आजीचा मुलगा सीमेवरच्याच लढाईत गेलेला, मिसुरीवाल्यांवर तिचा जन्माचा राग, आणि तीच जोसीला आपल्या घरात घेते. कमांची सरदार टेन बेअर्सपुढे जोसी एकटा जाऊन उभा राहतो आणि दोघे शब्दावर तह करतात. शेवटी फ्लेचर जोसीला समोर पाहून ओळख दाखवत नाही, युद्ध संपल्याचं त्याला सांगायला हवं असं म्हणतो, आणि जोसीही मान्य करतो. पाठलाग करणारा पाठलाग सोडतो. क्लॅनच्या माणसाच्या कादंबरीतून निघालेल्या सिनेमाने हा शेवट गाठला, हे दिग्दर्शकाचं श्रेय.

खऱ्या सीमेवर असा शेवट कुणी केला का? एका घराण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जॅक्सन काउंटीत यंग नावाचं शेतकरी कुटुंब होतं, गुलाम बाळगणारं. लेनच्या माणसांनी १८६१ मध्ये त्यांची डुकरं मारली, कोठारं जाळली. १८६३ मध्ये हुकूम क्रमांक ११ ने त्यांना घराबाहेर काढलं. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी मार्था हा राग जन्मभर विसरली नाही. १९०५ मध्ये तिचा मुलगा नॅशनल गार्डचा नवा निळा गणवेश घालून आजीला दाखवायला गेला, तर हा रंग पुन्हा या घरात आणू नकोस असं आजीने बजावलं. तो मुलगा म्हणजे हॅरी ट्रुमन. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २६ जुलै १९४८ रोजी त्यांनी आदेश क्रमांक ९९८१ काढला आणि अमेरिकी सैन्यातला वर्णभेद मोडायला सुरुवात केली. जळक्या मुलखाचं दुःख ट्रुमनच्या आईच्या अंगावरचं होतं, कार्टरने ते पुस्तकांतून उचललेलं. ज्याचं खरं होतं तो पुढे गेला.

सगळेच पुढे गेले असं नाही. २००७ मध्ये मिसुरी आणि कॅन्सस विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या वेळी पेटलेल्या लॉरेन्सचं चित्र आणि खाली ‘स्कोअरबोर्ड’ असं छापलेले टी-शर्ट विकले गेले. उत्तरादाखल कॅन्ससवाल्यांनी जॉन ब्राउन छापला. ते घालणाऱ्या पोरांना कार्पेंटरबाईंचा हात कुणी उचलला ते माहीत नव्हतं, पॉटावॉटमीच्या घरांतल्या बायकांनी काय पाहिलं तेही माहीत नव्हतं.

हा सिनेमा जरूर पाहा, तो उत्तम आहे. पण पाहून झाल्यावर जोसीच्या घरापूर्वी काय जळालं होतं हे मुलांना सांगा. या बाजूला कधी आलात तर लॉरेन्सच्या ओक हिल स्मशानभूमीतला १८९५ चा स्मृतिस्तंभ पाहा, आणि मग हॅरिसनविलला उभारलेलं जळक्या मुलखाचं दगडी धुराड्याचं स्मारकही पाहा. आयलंड माउंडही सोडू नका. एकच पाहून परत जाणाऱ्याने काही पाहिलं असं मी म्हणणार नाही.